दाढीखालचा कोंडा

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून काही मंडळी गालातल्या गालात हसतील. विषय आहे दाढीचा; म्हणजे केसांचा नव्हे, तर त्या केसांखाली झाकलेल्या कातडीचा. आपल्याकडे कोणी श्रावणात दाढी करीत नाही, कोणी नवसाची वाढवतो, कोणी हौस म्हणून राखतो. राखावी, त्यात वावगे काहीच नाही. पण थोड्या दिवसांत हनुवटी खाजू लागते, बोटे फिरवली की सदऱ्यावर पांढरा भुसा पडतो. मग कोणी लिंबू चोळतो, कोणी तुरटी फिरवतो, तर कोणी शेजाऱ्याने दिलेली ट्यूब लावतो. घोटाळा होतो तो इथेच. कारण कोंडा दिसायला एकच असला, तरी त्याची कारणे बहुधा तीन असतात आणि तिघांचे उपाय निरनिराळे आहेत.

पहिले कारण म्हणजे निव्वळ कोरडेपणा. थंडीचे दिवस, शेतातला वारा, बंबातले कढत पाणी आणि वर कपड्यांचा साबण! आपली कातडी स्वभावाने किंचित आम्ल असते, साबण क्षारयुक्त. दिवसातून दोन-तीन वेळा साबण खसाखसा चोळला की कातडीचा स्वतःचा तेलकटपणा निघून जातो. ती ताणल्यासारखी वाटते आणि बारीक, पांढरी, सुकी फोलपटे सुटतात. याला औषध घरातच आहे. कोमट पाण्याने दिवसातून एकदा तोंड धुवा. साबण सौम्य असावा आणि थोडा असावा. बोटांची टोके केसांतून खाली कातडीपर्यंत न्या, नखे लावू नका. साबण पुरता निघेपर्यंत पाणी घ्या. पंचाने टिपा, घासू नका. कातडी ओलसर आहे तोवरच खोबरेल तेलाचे चार थेंब किंवा थोडे व्हॅसलीन चोळा. असे आठ-पंधरा दिवस केले की फरक दिसू लागतो. लिंबू आणि तुरटी मात्र दूर ठेवा. त्यांनी कोरडी कातडी अधिकच चुरचुरते.

दुसरे कारण याच्या उलट. इथे कातडी कोरडी दिसते, पण असते तेलकट. फोलपटे पिवळसर, चिकट, खाली लाली. नाकाच्या कडेला, भुवयांत, कानामागे आणि डोक्यातही तोच प्रकार. आपल्या प्रत्येकाच्या कातडीवर एक सूक्ष्म बुरशी राहते. 1874 साली मालासे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने कोंड्यातल्या या जीवाचे वर्णन केले, म्हणून तिला मालासेझिया म्हणतात. ती कातडीच्या तेलावर जगते. काहींच्या कातडीला तिचा त्रास होतो आणि खपल्या सुटतात. आता तुम्हीच सांगा, अशा ठिकाणी तेल चोपडले तर काय होईल? बुरशीला आयते जेवण! इथे किटोकोनॅझोल असलेला शॅम्पू कामी येतो. आठवड्यातून दोनदा दाढीला लावावा, पाच मिनिटे तसाच ठेवावा आणि धुऊन टाकावा. दोन ते चार आठवड्यांत आराम पडतो. हा विकार पुन्हा पुन्हा डोके वर काढतो, पण तो संसर्गाचा नव्हे. अशा माणसाला कोणी वेगळे बसवू नये.

तिसरे कारण शेतकरी बांधवांनी नीट ध्यानात घ्यावे. ते म्हणजे गजकर्ण, ज्याला आपण नायटा म्हणतो. वासरांच्या डोळ्यांभोवती, मानेवर राखाडी, खपलीचे गोल चट्टे आपण पाहतो. धार काढताना गायीच्या कुशीला गाल टेकतो, वासराला कवटाळतो, आणि तीच बुरशी दाढीत शिरते. चट्टा गोल, कडेला उठलेला असतो. कधी गाठी येतात, पू येतो आणि केस ओढताच सहज निघतात. हा रोग केसांच्या मुळाशी जातो, म्हणून नुसत्या मलमाने भागत नाही. पोटात घ्यायच्या गोळ्या लागतात आणि त्या डॉक्टरांनीच द्यायच्या. जनावरालाही पशुवैद्याकडे न्यावे, नाहीतर रोग घरात फिरत राहील.

आता त्या ट्यूबविषयी. बाजारातल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. लावताच खाज थांबते, लाली ओसरते आणि माणूस म्हणतो, "गुण आला!" पण आत बुरशी मोकाट पसरते. महिनोन्महिने लावले तर चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात. म्हणूनच 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम कागदावर राहू नये हे आपल्याच हाती आहे. दुकानदाराने "ही लावून बघा" म्हटले, तर आधी चिठ्ठीची आठवण द्या.

केशकर्तनालयात गेलात तर पाते आपल्यासमोर नवे घालायला सांगा. संकोच नको. एकाच पात्याने गजकर्णच काय, रक्तातून काविळीचे विषाणूही पसरू शकतात. पंचा आणि फणी आपली स्वतःची असावी.

शिक्षक बंधूंना एक विनंती. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या अंगावर गोल चट्टा दिसला तर त्याला हिणवू देऊ नका. त्याच्या घरी सांगा, गोठ्यातल्या वासराचीही चौकशी करा. आणि ज्यांचा कोंडा चार आठवड्यांत हटत नाही, ज्यांना पू, गाठी किंवा बधिर चट्टा दिसतो, त्यांनी घरगुती उपाय सोडून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. दाढी राखायची की काढायची हा ज्याचा त्याचा प्रश्न. तिच्या आडोशाला रोग मात्र राखू नये.