अडलेल्या जहाजांचे सोबती

एखादें प्रचंड जहाज मुंबई बंदरांत शिरतांना आपण पाहिलें असेल, तर त्याला लगटून चालणाऱ्या ठेंगण्या, बळकट बोटीहि आपल्या नजरेस आल्या असतील. त्यांना टग म्हणतात. आपण ओढबोटी म्हणूं. असल्या बोटींच्या बळावर एक कंपनी कशी वाढली आणि तिच्या धंद्यांत पेंच कोणता, हें आज सांगावयाचें आहे.

कंपनी हॉलंडांतली. फोप स्मिट या गृहस्थानें १८४२ सालीं 'किंडरडाइक' नांवाची चाकांची ओढबोट चालवून तिचा पाया घातला. वारा पडला कीं शिडाचें जहाज नदीच्या मुखाशीं तिष्ठत राही आणि व्यापाऱ्याचा दिवस फुकट जाई. वाफेची बोट तें रॉटरडॅमपर्यंत ओढून नेई. पुढें शिडें गेलीं, पण जहाजें मोठीं होत गेलीं, तसतशी गोदींत तीं वळविण्यासाठीं ओढबोटींची गरज वाढतच राहिली. स्मिटच्या बोटी नदी सोडून महासागरांत गेल्या. १९३३ सालची 'झ्वार्ते झे', म्हणजे 'काळा समुद्र', ही तर त्या काळच्या अत्यंत बलवान ओढबोटींत गणली जाई.

बंदरांतील ओढकाम रोजचें व ठराविक मिळकतीचें. संकटांत सांपडलेलें जहाज सोडविणें हा निराळा प्रकार. लंडनच्या लॉइड्सच्या करारपत्राचें सूत्र आहे, 'गुण नाहीं तर दाम नाहीं.' जहाज किंवा माल वांचला, तर त्याच्या किंमतीच्या मानानें लवाद मोबदला ठरवितो. सारेंच बुडालें, तर श्रम, इंधन आणि तुटलेले दोर सोडविणाऱ्याच्या माथीं! रोगी बरा झाला तरच वैद्याला दक्षिणा, तशांतलें हें.

या कामांत कौशल्य किती लागतें, याचीं दोन उदाहरणें देतों. 'कुर्स्क' ही रशियन पाणबुडी ऑगस्ट २००० मध्यें ११८ खलाशांसह बॅरेंट्स समुद्रांत बुडाली. स्मिटनें 'मॅमूट' या दुसऱ्या डच कंपनीच्या साह्यानें ऑक्टोबर २००१ मध्यें ती सुमारें १०८ मीटर खोलींतून वर काढली. स्फोटकांच्या भीतीनें पुढचें टोंक आधीं कापून अलग केलें. मग २६ ठिकाणीं पोलादी दोरांचे जुडगे अडकवून ते एका अवाढव्य पडावावरून खेंचले. लाटांचा हिसका दोरांना बसूं नये, म्हणून वायूनें भरलेलीं नळकांडीं बसविलीं होतीं.

दुसरें उदाहरण सुवेझचें. २३ मार्च २०२१ रोजीं ४०० मीटर लांबीचें 'एव्हर गिव्हन' कालव्यांत आडवें रुतलें आणि दोन्ही बाजूंस शेंकडों जहाजें खोळंबलीं. सुमारें ३०,००० घनमीटर वाळू उपसून, तेरा ओढबोटी लावून, होळी पौर्णिमेच्या उधाणाचा फायदा घेत तें २९ तारखेस मोकळें केलें.

परंतु असे प्रसंग रोज येत नाहींत, आणि येऊंहि नयेत. जहाजें अधिक सुरक्षित झालीं तशी संकटाची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या बोटीची मिळकत घटली. २०१० सालीं स्मिट कंपनी बोस्कालिस या गाळ उपसणाऱ्या कंपनींत सामील झाली.

मग वाट पाहण्याचा खर्च कोणीं सोसावा? १९७८ मध्यें 'अमोको कॅडिझ' हें तेलवाहू जहाज फ्रान्सच्या किनाऱ्यावर फुटलें व दोन लाख टनांहून अधिक तेल समुद्रांत गेलें. त्यानंतर फ्रेंच सरकारनें ब्रेस्ट येथें एक बलवान ओढबोट कायम तयार ठेवण्यास प्रारंभ केला. जुन्या सूत्राचा दोषहि उघड झाला. फुटकें जहाज किनाऱ्यापासून दूर नेणाऱ्यानें किनारा वांचविला, तरी जहाज बुडतांच त्याच्या पदरांत कांहीं पडत नसे. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारानें अशा प्रयत्नांचा खर्च भरून देण्याचें मान्य केलें.

हा प्रश्न परक्यांचा नव्हे. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबईजवळ 'एम्‌. एस्‌. सी. चित्रा' व 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली. मालाच्या पेट्या पाण्यांत तरंगल्या, तेल पसरलें आणि बंदराची वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. शहरांत आगीचा बंब महिनाभर निजून राहिला, म्हणून त्याचा खर्च कोणी व्यर्थ मानीत नाहीं. धक्क्याशीं स्वस्थ उभ्या असलेल्या ओढबोटीकडेहि आपण त्याच दृष्टीनें पाहिलें पाहिजे.