काळ्या पाषाणाचे स्तंभ
(पाटस येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपण पाथरवट. जाते, पाटा, उखळ घडवून आपल्या वाडवडिलांनी प्रपंच केला. यवतजवळच्या डोंगरावरील भुलेश्वराचे देवालयही आपल्यासारख्याच कारागिरांच्या हातून उभे राहिले. ज्या काळ्या पाषाणावर आपले पोट चालले, त्याची जन्मकथा आपणांस ठाऊक असावयास हवी.

सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारस वाहून आला. त्याचे थरांवर थर साचून जे दख्खनचे पठार झाले, त्यावरच आपले पाटस वसले आहे. हा रस बाहेर येतो तेव्हा त्याची उष्णता सुमारे ११०० अंश सेल्सिअस असते. त्याचा जाड थर स्थिरावला म्हणजे वरून व खालून निवू लागतो. निवताना पाषाण आकसतो आणि ताण असह्य होऊन त्याला भेगा जातात. वैशाखात काळ्या रानाला भेगा पडतात, तसाच हा प्रकार. मात्र रानातली ओल जाते, पाषाणातली उष्णता. तीन भेगा सारख्या कोनांनी एकत्र आल्या म्हणजे ताण सर्व बाजूंनी सारखा मोकळा होतो. म्हणून पुष्कळसे खांब षट्कोनी, काही पंचकोनी दिसतात. थर आत निवत जातो, तशी भेगही आत उतरते. निवणे जितके संथ, तितका खांब जाड.

मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशाच खांबांची आहे. तिची उंची सुमारे २०० फूट. भोवतालचा दगड खाणींनी नेला आणि मध्ये एक सुळका तेवढा उरला. २००७ मध्ये महानगरपालिकेने त्यास वारसास्थळाचा दर्जा दिला.

आता मुद्द्याचे बोलतो. अशा खडकात भेगा तयारच असतात. पहार घातली की खांब सुटतो. श्रम थोडे आणि माल पुष्कळ, म्हणून मोह मोठा. खाणी बंद करा, असे मी म्हणणार नाही. चूल पेटली पाहिजे. परंतु खाणीत असे स्तंभ उघडे पडले, तर त्यांची एक भिंत तरी राखावी आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यास कळवावे. दगडाची पारख आपल्याला आहे. ते प्रथम दिसतील तेही आपल्यालाच.

मूर्ती भंगली तर आपण दुसरी घडवू. हे स्तंभ मात्र आपल्या छिन्नीने पुन्हा होणारे नव्हेत. इतके बोलून मी आपली रजा घेतो.