जांभूळ आणि रातांबा



वसंतातल्या व्याख्यानमालेत फळांवर बोलायचे, तर आंब्यावरच बोलावे अशी आपली अपेक्षा असणार. पण आंब्याला आपल्याकडे भाटांची वाण कधीच पडलेली नाही. म्हणून त्याच्या मागोमाग पिकणारी आणि पंगतीत जरा मागे बसणारी दोन फळे मी आज निवडली आहेत. एक जांभूळ आणि दुसरे रातांबा, म्हणजे ज्याच्या सालीचे आपण आमसूल करतो ते कोकमाचे फळ. दोन्ही झाडांवर येतात, दोन्ही पिकली की काळपट जांभळी होतात, आणि दोघांच्याही औषधी गुणांविषयी घरोघर पुष्कळ ऐकायला मिळते. त्यातले घ्यावे किती आणि सोडावे किती, एवढाच आजचा प्रश्न आहे.

रंग सारखा म्हणून ही दोघे भाऊबंद आहेत असे मात्र समजू नका. जांभूळ हे पेरू आणि लवंग यांच्या कुळातले, रातांबा मँगोस्टीनच्या. जांभळात खायचा तो गर. रातांब्यात गरापेक्षा सालीला मान. सारखेपणा आहे तो रंगद्रव्यात. दोघांनाही अँथोसायनिन नावाची द्रव्ये रंग देतात. घरी कोकमाच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून पाहा. लाल रंग पालटून निळसर होईल. आंबट पाण्यात लाली आणि क्षारात निळाई, हा या द्रव्यांचा स्वभाव. पेशींची झीज करणाऱ्या काही रासायनिक क्रियांना ती आळा घालतात, असे प्रयोगशाळेत दिसते. पण काचेच्या नळीत जे घडते ते पोटात तसेच घडेल, याची हमी नाही. आणि गडद रंगाचे फळ खाल्ले की रक्त वाढते, ही समजूत तर सोडूनच द्यावी. रंग लोहाचा नव्हे.

आता जांभूळ. पालघरकडच्या बहाडोलीची टपोरी जांभळे ज्यांनी खाल्ली आहेत त्यांना गोडी सांगायला नको. तुरटपणा येतो तो टॅनिनामुळे. म्हणूनच सैल झालेल्या पोटाला जांभूळ मानवते, आणि फार खाल्ले तर पोट धरते. पण त्याची खरी ख्याती मधुमेहावर. आयुर्वेदाने जांभळाच्या बियांना प्रमेहाच्या औषधांत स्थान दिले आहे, आणि बियांच्या अर्काने प्राण्यांची रक्तशर्करा उतरल्याचे अनेक प्रयोगांत आढळले आहे. माणसांवरचा पुरावा मात्र तोकडा आहे. ब्राझीलमध्ये याच कामासाठी जांभळाच्या पानांचा चहा पितात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका चाचणीत काही मधुमेह्यांना हा चहा दिला, तर काहींना नेहमीची गोळी. गोळी घेणाऱ्यांची साखर उतरली. चहा पिणाऱ्यांची उतरली नाही. पाने म्हणजे बिया नव्हेत, हे कबूल. पण बियांची पूड सुरू केली म्हणून गोळ्या किंवा इन्सुलिन परस्पर बंद करणारे गृहस्थ गावोगाव भेटतात, त्यांनी याचा विचार करावा. साखर गुपचूप वाढते. डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांवर तिचा घाव पडतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. पूड घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या. आणि शंभर ग्रॅम जांभळांत सुमारे चौदा ग्रॅम कर्बोदके असतात. मधुमेह्याने वाटीभर खाण्यास सहसा हरकत नाही, पण ती रोजच्या आहाराच्या हिशेबात धरावी.

रातांब्याची तऱ्हा निराळी. कोकणात साली सोडवून, रसात आणि मिठात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवतात, तेव्हा आमसूल तयार होते. बियाही वाया जात नाहीत. त्यांच्यापासून निघणारे तेल थंड झाले की थिजते, आणि टाचांच्या भेगांवर लावायला त्याच्यासारखे दुसरे नाही. सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक नावाचे आम्ल असते, आणि त्याच्याच नावावर ‘चरबी वितळवणाऱ्या’ गोळ्या विकल्या जातात. कोकमाचे केरळातले भावंड कुडमपुळी. तिच्या अर्काची अमेरिकेत १३५ स्थूल स्त्रीपुरुषांवर चाचणी झाली आणि तिचा निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनंतर अर्क घेणारे आणि नुसती खोटी गोळी घेणारे यांच्या वजनातील घटीत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. उलट अशा गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमटीतल्या दोन आमसुलांना भिण्याचे कारण नाही. भ्यायचे ते गोळीला.

मग या दोघांत श्रेष्ठ कोण? मला विचाराल तर जांभूळ हा पंधरवड्याचा पाहुणा, आणि आमसूल हे बारा महिने घरात राहणारे माणूस. पाहुणा आला की ताजा, आहे तसा खावा. घरच्या माणसाकडून मात्र आपण काय करवून घेतो ते पाहावे. कोकमाचे सरबत उन्हाळ्यात उत्तम खरे, पण बाजारच्या पाकात कोकम थोडे आणि साखरच फार. आगळात मीठ भरपूर. रक्तदाब असलेल्यांनी सोलकढीवर आणखी मीठ पेरू नये. फळ निर्दोष असते, अपाय होतो तो आपण त्यात घातलेल्या वस्तूंनी.

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे. या फळांना अन्न म्हणून मान द्या, औषधाच्या गादीवर बसवू नका. येत्या आठवड्यांत जांभळे बाजारात येतील. मुलांना जिभा जांभळ्या करू द्या, आणि आजोबांना त्यांची गोळी वेळेवर द्या.