गुलामानं तोललेलं तख्त



मी मॅट्रिक झालेला माणूस. गोदीत हमाली करतो, कविता लिहितो. इतिहासाचा पंडित नाही. पण माल आला कुठून, गेला कुठं, पैसा कुणाच्या खिशात गेला, हे विचारायची सवय गोदीनं लावलीय. तोच सवाल आज अहमदनगरच्या निजामशाहीला विचारायचाय.

1490 साली मलिक अहमदनं बहमनी सत्ता झुगारली, 1494 साली अहमदनगर वसवलं. त्याचा बाप मलिक हसन. फिरिश्ता सांगतो, हा मूळचा ब्राह्मण. लढाईत पकडला गेला, गुलाम झाला, मुसलमान झाला आणि बहमनींचा वजीरही झाला. म्हणजे या शाहीचा पायाच गुलामाच्या पोरानं घातला.

1565 साली याच शाहीनं इतर सुलतानांबरोबर विजयनगर मोडलं. पण घरात काय? दक्खनी, हबशी, परदेशी सरदार एकमेकांच्या उरावर. चांदबिबीनं 1595-96 मध्ये मोगलांना किल्ल्याबाहेर रोखलं. 1600 साली तिला मारलं तिच्याच माणसांनी. मग किल्ला गेलाच.

आता मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेलं पोर. पीटर व्हान डेन ब्रूक या डच व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय, मोखा बंदरात तो 80 गिल्डरला विकला गेला. माणूस नव्हे, नग! पुढं निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं त्याला विकत घेतलं. धनी मेल्यावर तो सुटला, फौज जमवली. 1600 साली त्यानं मुर्तझाला गादीवर बसवलं आणि बुडालेली शाही पाठीवर घेतली.

मराठा बारगीर घेऊन गनिमी काव्यानं मोगलांना जेरीस आणलं. जहांगीरला तो आयुष्यात हाती लागला नाही, म्हणून बादशहानं चित्र काढून घेतलं: अंबरचं तोडलेलं मुंडकं, आणि त्यावर बाण सोडणारा जहांगीर! 1624 साली भातवडीला अंबरनं मोगल आणि आदिलशाही, दोन्ही फौजा लोळवल्या. 1610 साली खडकी शहर वसवलं, जमिनीखालून नहर काढून पाणी खेळवलं. जमीन मोजून सारा ठरवला, मक्तेदार हटवले.

आणि 1626 साली तो मेला. दहा वर्षांत सगळं खलास. 1629 मध्ये लखुजी जाधवांना भर दरबारात कापलं. पाठोपाठ दुष्काळ. अंबरच्याच पोरानं, फतेहखानानं, सुलतानाला मारलं आणि 1633 साली दौलताबाद मोगलांना दिलं. शहाजीराजांनी पोरसवदा वारस गादीवर बसवून झुंज दिली. 1636 साली शहाजहान आणि आदिलशहानं मुलूख वाटून घेतला.

का पडली? मोगल मोठे होते, खरंय. पण वीस-पंचवीस वर्षं ते मोठेच होते की! सगळा भार एका खांद्यावर होता, तो खांदा गेला. अंबरनं मक्तेदार काढला, पण वसुली दिली गावच्या पाटलाकडं. वेशीबाहेरचा वेशीबाहेरच राहिला. त्याच्या फौजेत विकत आणलेले हबशी गुलाम होते. विकला गेलेला माणूस विकत घेणारा झाला. मोखाचा बाजार चालूच.

मला अंबरचा अभिमान आहे, छाती ठोकून सांगतो. पण आपल्यातला एक तख्तापाशी पोचला म्हणून नाचू नका, दोस्तहो. तो वर गेला, तेव्हा खालचा बाजार बंद झाला का, एवढं विचारा. नसेल झाला, तर ते तख्तही टिकत नाही.