भार कोण पेलते?



खानापूर रस्त्यावरच्या आमच्या पिरनवाडीत बांधकामे सतत चालू असतात आणि एक प्रश्न हमखास कानी येतो : मधली भिंत काढली तर चालेल का?

उत्तर त्या भिंतीच्या कामावर अवलंबून आहे. जांभ्याच्या जुन्या घरात आढ्याचा आणि वाशांचा भार भिंतच जोत्यावर उतरवते. ती काढली की छप्पर खाली येते. सिमेंट-सळईच्या सांगाड्यात स्लॅबचा भार बीमवर, बीमचा कॉलमवर आणि कॉलमचा पायावर जातो. तिथली भिंत बहुधा आडोसाच असते. तरी नुसते पाहून ठरवू नये, अभियंत्याला विचारावे.

ही रीत नवी नाही. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची. तिथेही छताचा भार दगडी तुळया आणि खांब पेलतात. खांबाला कानडीत कंब म्हणतात, तुळईला तोले. इथल्या गवंड्याला दोन्ही भाषा कळतात.

मग बीम-कॉलम हे शब्द हाकलायचे का? मुळीच नाही. पण ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ शिकवताना वर्गातल्या किती मुलांनी वासा पाहिलेला असतो? त्यांना एकदा जुन्या घरात न्यावे, गवंड्याला बोलते करावे. आणि आपल्या कोशांत ‘तुळई म्हणजे आडवे लाकूड’ एवढ्यावर थांबू नये. ती कोणाचा भार घेते आणि कोणाकडे सोपवते, हेही लिहावे. शब्दाचा अर्थ तिथे आहे.