जुन्या बीएमडब्ल्यूच्या बॉनेटखाली

मी मूळची माण तालुक्यातली, पण गेली नऊ वर्षं जर्मनीत, म्युनिकपासून तासाभराच्या अंतरावर एका खेड्यात राहते. रेडिओवर बोलायला ये असं ताईंनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, तिथली थंडी नाहीतर तिथला स्वयंपाक असा काही विषय असेल. त्या म्हणाल्या, "ते सगळं टीव्हीवर दिसतं. तू शनिवारी काय करतेस ते सांग." शनिवारी मी जुनी मोटार दुरुस्त करते. मोटार बीएमडब्ल्यू आहे, १९९१ सालची.

बीएमडब्ल्यू म्हटलं की आपल्याकडे बिल्डर नाहीतर पुढारी डोळ्यांपुढे येतो. नव्या गाडीच्या बाबतीत ते खरंच आहे. पण तीस-पस्तीस वर्षांच्या गाडीचा धनी वेगळा असतो. आमच्या गावात अशा जुन्या गाड्या एका बस ड्रायव्हरकडे आहेत, बेकरीत काम करणाऱ्या एका मुलीकडे आहेत, एका शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारच्या पडवीत आहेत. ही माणसं रोज कामाला जायला दुसरी साधी गाडी वापरतात आणि सुटीच्या दिवशी जुनीखाली पाठीवर झोपतात.

आता या कंपनीची थोडी कुळकथा सांगते, कारण ती आपल्याला वाटते तितकी परकी नाही. कंपनी आपला जन्म १९१६ चा मानते. सुरुवात विमानाच्या इंजिनांपासून झाली, १९२३ मध्ये मोटारसायकल आली, १९२८ मध्ये मोटार. दुसऱ्या महायुद्धात तिनं हिटलरच्या राजवटीसाठी विमानांची इंजिनं बनवली आणि त्या कारखान्यांत छळछावण्यांतले कैदी व इतर माणसं जबरदस्तीनं राबवली गेली. कंपनी आज ते कबूल करते, तेव्हा मीही ते गाळत नाही. युद्ध संपल्यावर इंजिनं बनवणं बंद झालं. मग कारखाना चालू ठेवायला त्यांनी काय बनवलं असेल? पातेली, तवे आणि सायकली. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार गंमत वाटली होती.

पुढे १९५५ मध्ये त्यांनी इसेटा नावाची एक अंड्यासारखी छोटी गाडी काढली. तिचं दार समोरून, फ्रिजसारखं उघडायचं. तरी कंपनी बुडायला आली होती. ९ डिसेंबर १९५९ च्या सभेत ती दुसऱ्या मोठ्या मोटार कंपनीच्या हाती जायचीच, पण छोट्या भागधारकांनी आणि गाड्या विकणाऱ्या दुकानदारांनी हरकत घेतली आणि सौदा फिसकटला. सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेत बसलेल्यांना कळेल, अशा सभेत काय काय होऊ शकतं ते!

आणि आमच्या भागाची गोष्ट तर याहून जवळची. डिंगोल्फिंग नावाचं एक गाव आहे. तिथे ग्लास नावाच्या घराण्याचा पेरणीयंत्रं बनवायचा कारखाना होता. शेतकऱ्यांना लागणारी, बी ओळीत टाकणारी यंत्रं. पुढे त्यांनी स्कूटर काढली, मग छोट्या मोटारी काढल्या, आणि १९६६ मध्ये तो कारखाना बीएमडब्ल्यूनं घेतला. १९७३ मध्ये तिथे मोठा नवा कारखाना उभा राहिला. आजूबाजूच्या खेड्यांतली, शेतीवर पोट न भरणारी माणसं कंपनीच्या बसनं तिथे कामाला जाऊ लागली. आजही जातात. जगभर पाठवायच्या सुट्या भागांचं कंपनीचं मोठं कोठारही तिथेच आहे.

माझ्या शेजारच्या बाईंचे यजमान अशाच बसनं तीस वर्षं कामाला गेले. त्यांच्याकडे १९८८ सालची पांढरी ३२० होती. या घडणीच्या गाड्यांना हौशी मंडळी 'ई-३०' म्हणतात. तो कंपनीच्या आतला खुणेचा आकडा. १९८२ पासून पुढची दहा-बारा वर्षं ही घडण बनत होती. यजमान वारले तेव्हा गाडी पडवीत अर्धी उघडलेली होती. इंजिनाचा पुढचा भाग सुटा, रेडिएटर भिंतीला टेकवलेला, बाकीचं सगळं जॅमच्या बाटल्यांत आणि बिस्किटांच्या डब्यांत.

महिन्याभरात एक जण बघायला आला. त्यानं टॉर्च मारली, डबे हलवले आणि म्हणाला, "हे भंगार आहे. उचलून न्यायचा खर्च मी करतो, वर थोडे पैसे देतो." ते थोडे पैसे म्हणजे आपल्याकडच्या एका स्कूटीची किंमत. मुलगा म्हणाला, देऊन टाक. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांना गाडी चालवता यायची, पण बॉनेट त्यांनी जन्मात उघडलं नव्हतं. त्या ज्या पिढीतल्या, त्या पिढीचं लग्न झालं तेव्हा तिथला कायदाच सांगत होता की बायकोनं नोकरी करायची तर संसारातल्या कर्तव्यांना बाध येता कामा नये. १९७७ मध्ये ते कलम गेलं. आपण उगीच समजतो की तिकडच्या बायका पहिल्यापासून मोकळ्या होत्या.

संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तू शनिवारी गाडीखाली झोपतेस. मला एवढंच सांग, हे भंगार आहे की नाही?"

आम्ही आधी डबे उघडले. प्रत्येक बाटलीवर यजमानांनी चिठ्ठी लावलेली होती: कोणता भाग, कुठून काढला, आणि अकरा आकडी नंबर. या कंपनीच्या प्रत्येक बारक्या भागाला, अगदी वायसरलासुद्धा, असा अकरा आकडी नंबर असतो. गाडीच्या चॅसी नंबरातले शेवटचे सात अंक सांगितले की तिला नेमका कोणता भाग लागतो ते कळतं. शिवाय एक वही मिळाली. तेल कधी बदललं, ब्रेकचे पॅड कधी टाकले, किती किलोमीटरला, सगळं तारीखवार. आपल्या बचत गटाची नोंदवही जशी असते, तशी. त्या वहीवरून कळलं की यजमान टायमिंग बेल्ट बदलायला बसले होते. गाडी बिघडलेली नव्हतीच. वेळेवर करायचं काम अर्ध्यावर राहिलं होतं.

हा बेल्ट म्हणजे काय ते सांगते. इंजिनात पिस्टन खाली-वर होतात आणि वरच्या बाजूला व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. दोघांनी एकमेकांची वेळ सांभाळायची असते. जात्यावर दोघी समोरासमोर बसून दळतात तेव्हा हात कसे एका तालात फिरतात, तसं. या इंजिनात तो ताल एक रबराचा दातेरी पट्टा राखतो. पट्टा तुटला की ताल गेला, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावं लागतं. गंमत अशी की तुटण्याआधी पट्टा आवाज करेलच असं नाही. म्हणून हौशी लोक साठ हजार किलोमीटर किंवा चार-पाच वर्षं, जे आधी होईल तेव्हा तो बदलतात, मग दिसायला कितीही चांगला असो. पट्टा काही हजारांचा, वाकलेलं इंजिन काही लाखांचं.

दुसरं दुखणं पाण्याचं. या गाड्यांचं इंजिन दणकट, पण ते थंड ठेवणाऱ्या भागांत प्लास्टिक पुष्कळ. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या. नंतरच्या ई-३६ घडणीत काही पाण्याच्या पंपांचं आतलं चक्रसुद्धा प्लास्टिकचं होतं, आणि त्याच्याही नंतरच्या ई-४६ मध्ये कूलंटची वरची टाकी तडकते. प्लास्टिक गरम-थंड होऊन ठिसूळ होतं, आपली प्लास्टिकची बादली उन्हात होते तसं. पाणी गळालं, गाडी तापली, तरी चालवत राहिलं की ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. म्हणून काटा लाल भागाकडे सरकला की घर दोन किलोमीटरवर असलं तरी गाडी बाजूला घ्यायची. नवीन कूलंट भरताना आत हवा अडकते, ती काढायला वर एक छोटा स्क्रू दिलेला असतो. तो सैल करायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू ओतत राहायचं. हे काम बाईंना फार आवडलं. म्हणाल्या, "लोणच्याच्या बरणीतली हवा काढतात तसंच की." लोणचं तिकडेही घालतात, काकडीचं.

तिसरं दुखणं गंज. जॅक लावायच्या जागा, मागच्या चाकांच्या कमानी, छपरातल्या खिडकीची कड. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, आणि मीठ पत्रा खातं. बाईंच्या गाडीला जॅकच्या दोन जागा सडल्या होत्या. ते वेल्डिंग आम्ही केलं नाही, करूही नये. ते जाणत्याकडूनच करून घेतलं, पैसे मोजून.

बाकीचं आम्ही दोघींनी केलं. पडवीत लिफ्ट नव्हती. तिकडे शहरांतून अशी गॅरेजं असतात जिथे लिफ्ट आणि पाने तासावर भाड्यानं मिळतात आणि काम आपलं आपण करायचं. तिथला माणूस पहिल्या दिवशी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मलाच देत होता, प्रश्न बाईंनी विचारला तरी. तिसऱ्या खेपेला बाईंनी त्याला बजावलं, "पाना माझ्या हातात आहे, माझ्याशी बोला." मग बोलू लागला, आणि शिकवलंही चांगलं.

पाच महिने गेले. तिकडे गाडीची दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी असते. ब्रेक, दिवे, धूर, पत्रा, बुश, सगळं बघतात आणि नंबर प्लेटवर शिक्का चिकटवतात. तपासणीदारानं गाडी खालून ठोकून ठोकून बघितली आणि शिक्का दिला. बाईंनी एक उन्हाळाभर ती चालवली, बाजारात नेली, बहिणीकडे नेली. मग घराचं छप्पर गळायला लागलं तेव्हा विकली. पहिल्या माणसानं सांगितलेल्या किमतीच्या सहापट पैसे आले, आणि घेणाऱ्यानं सगळ्यात आधी काय मागितलं असेल तर ती वही.

आता हौसेच्या खर्चाचं खरं खरं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल हा फायद्याचा धंदा आहे. नाही. बाईंचं जमलं कारण गाडी घरची होती आणि नीट राखलेली होती. स्वस्त मिळते म्हणून जुनी महागडी गाडी घेणारा फसतो, कारण गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. माझ्या गाडीसाठी मी वेगळा डबा केला आहे. घरखर्चाला त्यात हात नाही आणि त्याला घरखर्चात हात नाही. एक सवलत मात्र आहे. गाडी तीस वर्षांची झाली आणि मूळ रूपात नीट राखलेली असली की तिला नंबराच्या शेवटी 'एच' हे अक्षर मिळतं, म्हणजे वारसा गाडी. मग वर्षाचा कर ठरलेला, १९१ युरो ७३ सेंट.

गाडीत बदल करण्याची हौसही असते. ती खाली बसवायची, रुंद चाकं घालायची, मोठं इंजिन टाकायचं. पोरांना याचं वेड. तिकडे असा बदल तपासणीदाराला दाखवून गाडीच्या कागदावर लिहून घ्यावा लागतो, नाहीतर पोलीस रस्त्यावर थांबवतात आणि विमाही अडतो. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या घडणीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. बुलेटचे सायलेन्सर बदलून गावभर फटाके वाजवणाऱ्यांना हे सांगा. मला स्वतःला मूळ गाडीच बरी वाटते. बुश आणि शॉकअप नवे टाकले की तीच गाडी रस्त्याला धरून चालते, तिला खाली बसवायची गरज पडत नाही.

रेकॉर्डिंगच्या आधी दोन ताईंनी प्रश्न लिहून दिले. पहिला, एवढी जुनी गाडी धूर करत नाही का? करते. नव्या गाडीपेक्षा जास्तच करते. तिकडे कित्येक शहरांत जास्त धूर करणाऱ्या गाड्यांना मनाई आहे, पण 'एच' वाल्यांना त्यातून सूट आहे. ही सूट मला जरा जास्तच वाटते, जरी तिचा फायदा मलाही होतो. म्हणून मी ती वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरच चालवते.

दुसरा प्रश्न, काढलेल्या जुन्या तेलाचं काय करता? तिकडे ज्या दुकानातून तेल घेतलं त्यानं तेवढंच जुनं तेल परत घ्यावं असा कायदा आहे. आपल्याकडे ट्रॅक्टरचं नाहीतर पिकअपचं जळकं तेल बांधावर ओततात. ते जमिनीत मुरतं आणि पावसात विहिरीकडे जातं. ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि तालुक्याच्या ज्या गॅरेजमधून ड्रमानं तेल उचललं जातं तिथे द्या. कॅनवर मोठ्या अक्षरात 'जळकं तेल' लिहा, आणि तो पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका, ट्रॅक्टरचंसुद्धा. अर्धा तास थांबा, वर जाड फडकं टाका, मग हळू फिरवा.