पाठ फिरविणारे घड्याळ

श्रीमंतांच्या मनगटावर मिरवणाऱ्या एका घड्याळाचे मूळ चेंडूच्या तडाख्यात आहे. १८६२ साली शेरर आणि स्ट्युअर्ट या इंग्रज अधिकाऱ्यांनी कलकत्त्यास पोलो क्लब काढला. खेळ मूळचा मणिपूरचा, हे मात्र विसरून चालावयाचे नाही. कलकत्त्याहून तो हिंदुस्थानभर पलटणींत रुजला, आणि त्याबरोबर घड्याळांच्या काचाही फुटू लागल्या.

१९३० सालच्या हिवाळ्यात सेझार द ट्रे हा स्विस व्यापारी हिंदुस्थानात आला असता अशाच एका खेळाडूने फुटके घड्याळ त्याच्यापुढे धरले, असे सांगतात. युक्ती काढली ती रेने-आल्फ्रेड शोव्हो याने. चौकोनी डबी चौकटीत सरकवावयाची आणि उलटी करावयाची. काच आत जाते, धातूची पाठ बाहेर येते. ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये पेटंटाचा अर्ज गेला. हेच जेगर-लकूल्त्रचे प्रसिद्ध ‘रेव्हर्सो’.

मार खाण्यासाठी घडविलेल्या त्या पाठीवर धनिकांनी आद्याक्षरे, कुलचिन्हे कोरून घेतली. खेळापेक्षा ऐटच वाढली. १९३६च्या एका घड्याळाच्या पाठीवर तर मीनाकामात भारतीय स्त्री रेखाटली आहे. वेळ पाहावयाची झाली, की ती मनगटाकडे तोंड करते.